मोदक खायचा की नाही हे ठरवणार कोण? पवित्र शास्त्र, मंडळी की आपली विवेकबुद्धी?

नगरची_लेक
सर्वांना सलाम. ख्रिस्ती माणसाने काय करावं आणि काय करू नये, हे शेवटी ठरवायचं कोणी, असा प्रश्न घेऊन आले आहे. नुसती चर्चा म्हणून विचारत नाहीये, घरात अडलंय.

आम्ही नगरचे, अमेरिकन मराठी मिशनच्या जुन्या मंडळीतले, म्हणजे आता चर्च ऑफ नॉर्थ इंडियातले. पुण्यात आल्यापासून जवळ पडतं म्हणून एका स्वतंत्र फेलोशिपमध्ये जातो. यंदा गणपतीच्या आदल्या रविवारी संडेस्कूलमध्ये मुलांना सांगितलं गेलं की प्रसाद खाणं म्हणजे भुतांच्या मेजावर बसणं. चार दिवसांनी शेजारच्या काकू मोदक घेऊन आल्या आणि माझ्या नऊ वर्षांच्या मुलाने दारातच "हे पाप आहे" म्हणून ताटली परत दिली. माझ्या बाळंतपणात महिनाभर डबा पोचवणारी बाई ती. एक शब्द न बोलता परत गेली.

माझी आजी पाळकाची मुलगी. ती नगरला शेजारणीकडचे पेढे, लाडू, तिळगूळ सगळं घ्यायची. देवापुढचं आहे असं कोणी सांगितलं की हात जोडून "आम्हाला चालत नाही हो" म्हणायची, आणि कोणाला कधी राग आला नाही. फेलोशिपमध्ये हे सांगितलं तर उत्तर मिळालं की तुमच्या आजीचं चूक होतं, शास्त्र बघा.

शास्त्र अंतिम आहे हे मी मानतेच. पण शास्त्र वाचून दाखवणारा प्रत्येक माणूसही अंतिम का मानायचा? तुमच्याकडे हे कसं ठरवतात?

बिरुयाकर
सलाम ताई. काकूंना वाईट वाटलं याचं मलाही वाईट वाटतं. मुलाची बोलण्याची पद्धत सुधारा, पण त्याने जे केलं ते बरोबर केलं. पहिले करिंथ 10:20-21 वाचा, तिथे प्रेषित पौल म्हणतो की प्रभूच्या आणि भुतांच्या अशा दोन्ही मेजांवर बसता येत नाही. प्रेषितांची कृत्ये 15:29 मध्ये तर यरुशलेमच्या सभेने परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांवर ज्या मोजक्या गोष्टी बंधनकारक केल्या, त्यात पहिली हीच आहे, मूर्तींना वाहिलेलं खाऊ नका. प्रकटीकरण 2 मध्ये खुद्द प्रभू पर्गम आणि थुवतीरा इथल्या मंडळ्यांना याचवरून दोष देतो. तीन ठिकाणी एकच गोष्ट सांगितली असेल तर आजी, पाळक, शेजार यांचा विचार नंतर. माझं नावच मी बिरुयाच्या लोकांवरून घेतलंय. ते पौलाचं बोलणंसुद्धा शास्त्राशी ताडून पाहत.

वसईचा_वारा
दादा, त्याच करिंथच्या पत्रात, त्याच दहाव्या अध्यायात, पाचच ओळींनी पुढे पौल म्हणतो की बाजारात जे विकतात ते चौकशी न करता खा, आणि कोणी अविश्वासणाऱ्याने जेवायला बोलावलं तर पुढे वाढलेलं खा. आता 21वी ओळ आणि 27वी ओळ यांचा मेळ कोणी घालायचा? तुम्ही घातलात तर ते तुमचं मत, मी घातला तर माझं.

म्हणून आम्ही कॅथलिक म्हणतो की शास्त्र, परंपरा आणि धर्मसभेचा शिकवण्याचा अधिकार हे तिन्ही एकत्र उभे राहतात. नव्या करारात कोणती 27 पुस्तकं हेसुद्धा आकाशातून छापून आलं नाही. आज आपण वाचतो ती नेमकी यादी अथनासियस या बिशपांच्या 367 सालच्या पत्रात दिसते, मग हिप्पो आणि कार्थेजच्या सभांनी ती धरली. धर्मसभेच्या हातून पुस्तक मिळालं ते घ्यायचं आणि धर्मसभेला मात्र बाहेर उभं करायचं, हे मला पटत नाही.

अनामिक_वाटसरू
मी ख्रिस्ती घरात वाढलो, आता कुठेच जात नाही. वाचतोय. पुढे लिहीन.

मोदकवाली
मी हिंदू आहे, इथे लिहिलं तर चालेल ना? आमच्या वाड्यात एक ख्रिस्ती कुटुंब होतं. आमच्याकडे नैवेद्य दाखवल्याशिवाय कोणी तोंडात काही घालायचं नाही हा सासूबाईंचा कडक नियम. तरी चतुर्थीला उकड मळून झाली की त्या थोडी उकड आणि सारण वाटीत वेगळं काढून ठेवायच्या. नैवेद्याचे एकवीस मोदक आधी, आरती झाली की ती बाजूची उकड घेऊन पाचसहा मोदक वेगळ्या चाळणीत उकडायचे आणि ते त्यांच्याकडे पोचवायचे. देताना सांगायच्या, "हे देवापुढचे नाहीत, बिनघोर खा." त्यांच्याकडून नाताळात करंज्या, चकल्या, अनारसे यायचे. सासूबाई ताटात कडेला फूल ठेवून ताट परत करायच्या, रिकामं कधी नाही. दोन्ही घरांना आपापले नियम होते, आणि ते एकमेकींना ठाऊक होते.

ताई, त्या काकूंकडे जाऊन या.

नगरची_लेक
मोदकवाली, तुमच्या सासूबाईंना नमस्कार. माझ्या आजीच्या शेजारणीही अगदी असंच करायच्या. काकूंकडे उद्याच जाते.

पाळक_घाटावरचा
सलाम. मी मंडळीत पाळक आहे, त्यामुळे हा विषय दर भाद्रपदात माझ्या दारात येतो. जरा सविस्तर लिहितो.

करिंथमध्ये त्या काळी मंदिरांना लागून जेवणाच्या खोल्या असत. अस्क्लेपियसच्या मंदिराशेजारच्या तशा खोल्या उत्खननात सापडल्या आहेत. लग्न, बारसं, धंद्याची बैठक, सगळं तिथे व्हायचं. बळीच्या मांसाचा काही भाग बाजारातही यायचा. म्हणजे प्रश्न आपल्यासारखाच होता, शहरात राहायचं तर कोणत्या पंगतीत बसायचं. पौलाने याचे तीन वेगळे प्रसंग केले आहेत. मंदिरात बसून पूजेचा भाग म्हणून खाणं: नाही. बाजारातून आणलेलं: खुशाल खा, पृथ्वी परमेश्वराची आहे. दुसऱ्याच्या घरी: खा, पण कोणी मुद्दाम सांगितलं की हे नैवेद्याचं आहे, तर खाऊ नका, आणि तेही स्वतःसाठी नव्हे, ज्याने सांगितलं त्याच्या विवेकबुद्धीसाठी. तेव्हा 21वी आणि 27वी ओळ भांडत नाहीत, दोन्ही वेगवेगळ्या प्रसंगांना आहेत. नगरच्या आजींनी कोणतंही भाष्य न वाचता हे तंतोतंत पाळलं होतं.

बिरुयाकर, तुमची 20-21 ही पहिल्या प्रसंगाची वचनं आहेत. दारात आलेली ताटली त्यात बसते का, याचा विचार करा.

आणि मला या अध्यायांत सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट. पौल प्रेषित आहे, तो एका ओळीत हुकूम देऊ शकला असता. त्याऐवजी आठव्या अध्यायात तो म्हणतो की ज्ञानाने माणूस फुगतो, प्रीतीने उभारणी होते, आणि तुझ्या ज्ञानामुळे ज्याचा नाश होईल त्या दुबळ्या भावासाठी ख्रिस्त मेला आहे. त्याला नियमाचं वावडं नाही, पहिला प्रसंग नियमच आहे. पण नियम लावताना समोर कोण बसलंय हे पाहायची सक्ती तो करतो. माझ्या मते ख्रिस्ती जीवनातल्या अधिकाराचं मूळ इथे आहे. अधिकार ख्रिस्ताचा, आणि तो ख्रिस्त ज्याच्यासाठी मेला त्या माणसाला वगळून तो अधिकार वापरता येत नाही.

शनिवारची_उपासना
मी सॅल्सबरी पार्कच्या बाजूची, ॲडव्हेंटिस्ट. आमच्याकडे शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा आणि उपासनेचा दिवस, शनिवारी, डुकराचं मांस नाही, दारू नाही, तंबाखू नाही. लोक म्हणतात तुम्ही नियमांत अडकलात. मी म्हणते नियम स्पष्ट असले की दर वेळी स्वतःच्या मनाशी सौदा करावा लागत नाही. 'समोरचा माणूस पाहा' म्हटलं की माणूस शेवटी स्वतःची सोय पाहतो, हे मी नात्यातल्या लोकांत पाहिलंय. पाळकसाहेब, तुमचं म्हणणं सुंदर आहे, पण ते प्रौढ माणसांसाठी. नऊ वर्षांच्या पोराला हो किंवा नाही असंच सांगावं लागतं.

वसईचा_वारा
ताई, दारूवर आपलं जमणार नाही, आमच्या वसईच्या लग्नांत काना गावची आठवण सगळ्यांना आधी येते, तिथे लग्नात प्रभूने पाण्याचा द्राक्षारस केला ना :) पण मुलांचा मुद्दा बरोबर आहे.

बिरुयाकर
पाळकसाहेब, आदर राखून सांगतो. दारात आलेली ताटली बाजारातून आलेली नव्हती, आणि ती कोणत्या दिवशी आली हे त्या मुलाला ठाऊक होतं. तुमच्याच तिसऱ्या प्रसंगात 'सांगितलं तर खाऊ नका' आहे. चतुर्थीच्या दिवशी कोणी वेगळं सांगावं लागतं का?

पाळक_घाटावरचा
हा आक्षेप वजनदार आहे. खाऊ नये इथवर तुमच्याबरोबर आहे. 'हे पाप आहे' असं काकूंना ऐकवणं मात्र त्या वचनात कुठेच नाही.

इतिहासवेडा
अधिकाराचा हा वाद आपल्याकडे एका मराठी बाईने इंग्लंडात बसून, पत्रांमधून लढलाय, आणि त्यातही जेवणाचा प्रश्न होताच. पंडिता रमाबाई.

1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, वाँटेजच्या अँग्लिकन सिस्टर्सकडे राहिल्या आणि त्याच वर्षी सप्टेंबरात तिथे त्यांचा आणि छोट्या मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. नंतर चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्या शिकू आणि शिकवू लागल्या. तिथून पुढची सिस्टर जेराल्डिन आणि प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी झालेली पत्रं वाचण्यासारखी आहेत. बाई शाकाहारी राहिल्या, तर त्यात जातीचा अभिमान उरलाय असं सिस्टरना वाटलं. त्या पुरुष विद्यार्थ्यांना शिकवणार असं निघालं, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या त्रैक्याच्या सिद्धांताबद्दल, अथनासियसच्या नावाच्या मतांगीकाराबद्दल, म्हणजे श्रद्धेच्या ठरलेल्या कबुलीबद्दल, त्यांनी प्रश्न विचारले, तर सिस्टरचं म्हणणं की हे मंडळीने ठरवलंय, तुम्ही नुकत्याच आत आलात, नम्रपणे शिका.

रमाबाईंनी 1885 मध्ये दिलेल्या उत्तराचा आशय असा: आपल्या देशातल्या पुरोहितांचं जोखड मी मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवलं आहे, आता त्याच जातीचं दुसरं जोखड घ्यायला मी तयार नाही. देवाची आज्ञा आणि पुरोहितांचा शब्द यांत त्या फरक करत होत्या. मला विवेकबुद्धी आहे, मन आहे, देवाने दिलेल्या बुद्धीने मीच विचार करायला हवा, असं त्या लिहितात.

आई-वडील आणि बहीण दुष्काळात गमावलेली, नवरा कॉलऱ्याने गेलेला, परक्या देशात दुसऱ्यांच्या आश्रयाने राहणारी सत्तावीस वर्षांची विधवा. पदरात लहान मूल. ज्यांच्या घरचं अन्न खाते त्यांना हे लिहिते. 'ज्याचं खावं त्याचं गावं' हे त्या बाईने मानलं नाही, आणि तरी ख्रिस्ताला सोडलं नाही.

पुढे 1889 मध्ये मुंबईला शारदा सदन, मग दुष्काळातल्या मुलींसाठी केडगावचं मुक्ती. मुक्ती त्यांनी कोणत्याच एका पंथाच्या हाती दिलं नाही. आणि शेवटची वर्षं त्यांनी कशात घातली? हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बायकांना कळेल असं मराठी बायबल करण्यात. 1922 मध्ये त्या गेल्या, ते पुस्तक 1924 मध्ये निघालं. विवेकबुद्धीच्या नावाने बिशपाशी भांडलेली बाई आयुष्याच्या अखेरीला शास्त्राकडे गेली, आणि ते इतर बायकांच्या हाती थेट पडावं म्हणून खपली. मला यात तुमच्या सगळ्या वादाचं उत्तर दिसतं.

बिरुयाकर
इतिहासवेडा, मग रमाबाई माझ्याच बाजूच्या झाल्या. शास्त्र प्रत्येकाच्या हाती, मध्ये कोणी नाही.

इतिहासवेडा
अर्ध्याच. संडेस्कूलच्या शिक्षकांचा शब्दही त्यांनी तपासून घेतला असता.

वसईचा_वारा
रमाबाईंबद्दल मला मनापासून आदर आहे. पण प्रत्येकात रमाबाईंची विद्वत्ता नसते. त्यांना संस्कृत शास्त्रं तोंडपाठ होती, चार भाषांत वाद करता यायचा. माझ्यासारख्याने एकट्याने बसून ठरवायचं म्हटलं तर मी मला हवं तेच ठरवीन. आणि रमाबाई तरी एकट्या कुठे होत्या? ज्या फादर नेहेम्या गोऱ्हेंच्या लिखाणाने त्या विश्वासाकडे वळल्या, ते मंडळीच्या परंपरेचे कट्टर पुरस्कर्ते.

इतिहासवेडा
हे मान्य. गोऱ्ह्यांचं ऋण त्या स्वतः सांगतात.

दोघांची_आई
मीही वसईची, कॅथलिक. वारादादा, तुम्ही धर्मसभेचा अधिकार सांगितलात, तो मीही मानते. पण आपल्या घराघरांत काय झालं तेही लिहा ना.

1968 मध्ये पोप पॉल सहावे यांचं 'हुमाने विते' हे पत्रक आलं, कृत्रिम संततिनियमन निषिद्ध. इकडे दवाखान्यात लाल त्रिकोण आणि 'दो या तीन बस'. माझ्या आजीला नऊ मुलं, आईला चार, मला दोन. हे आपोआप झालेलं नाही. दुसऱ्या बाळंतपणात माझा रक्तदाब इतका वाढला की डॉक्टरांनी पुन्हा धोका घेऊ नका म्हणून बजावलं. मी कन्फेशनला गेले. फादर वयस्कर होते. त्यांनी शिकवण लपवली नाही, मऊही केली नाही, पूर्ण सांगितली. मग विचारलं, "तू नवऱ्याबरोबर प्रार्थनेत बसलीस का? स्वतःची सोय आणि जीवाचा धोका यांतलं काय आहे, हे देवासमोर खरं खरं पाहिलंस का?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "मग तुझ्या विवेकबुद्धीच्या गाभाऱ्यात मी शिरणार नाही. तिथे तू आणि देव."

त्यांनी मला सूट दिली असं मी समजत नाही. उलट त्यांनी जबाबदारी माझ्या हातात दिली आणि ती नियमापेक्षा जड होती. महिनाभर झोप नव्हती मला.

वसईचा_वारा
ताई, फादरांनी सांगितलं ते धर्मसभेच्या शिकवणीतच आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या 'गौडियुम एत स्पेस'मध्ये सोळावा परिच्छेद पाहा, विवेकबुद्धी म्हणजे माणसाचा सर्वांत आतला गाभारा, जिथे तो देवाबरोबर एकटा असतो. 1992 च्या कॅटेकिझममध्येही, म्हणजे धर्मशिक्षणाच्या अधिकृत पुस्तकातही, आहे की विवेकबुद्धीचा ठाम निर्णय माणसाने पाळलाच पाहिजे. पण लगेच पुढे हेही आहे की विवेकबुद्धी चुकू शकते, आणि तिला वळण लावायची मेहनत टाळली असेल तर दोष आपलाच. पोप फ्रान्सिसनी 2016 मध्ये लिहिलं की आमचं काम लोकांच्या विवेकबुद्धीला घडवण्याचं आहे, तिची जागा घेण्याचं नाही. तुमचा महिनाभराचा जागर ही ती मेहनतच.

वकीलताई
सगळे शास्त्र, मंडळी, मन म्हणताय. चौथा अधिकार विसरलात, सरकार. भारतातल्या ख्रिस्ती बायकांचं आयुष्य त्याने जास्त ठरवलंय.

1869 चा भारतीय घटस्फोट कायदा. नवऱ्याला घटस्फोट हवा तर बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे. बायकोला हवा तर नुसता व्यभिचार पुरत नसे, त्याबरोबर क्रूरता किंवा टाकून देणं असं आणखी काही सिद्ध करावं लागे. नुसत्या मारहाणीवर घटस्फोट नाहीच. हे ख्रिस्ती नीतीच्या नावाने 130 वर्षं चाललं. मत्तय 19 मध्ये नवऱ्याला एक माप आणि बायकोला दुसरं असं प्रभूने कुठे ठेवलंय? मार्क 10 मध्ये तर दोघांना एकाच वाक्यात धरलंय. 1997 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने यातली विषमता घटनाबाह्य ठरवली आणि 2001 मध्ये संसदेने कायदा बदलला.

माझ्याकडे आलेली एक अशील, नाव-गाव सांगत नाही. तीनदा हात मोडलेला. तिच्या पाळकांनी तिला मलाखीतलं वचन ऐकवलं होतं की देवाला सूटपत्राचा तिटकारा आहे. मी तिला तेच वचन पुढे वाचायला सांगितलं. त्याच वाक्यात जुलूम करणाऱ्याचाही तिटकारा आहे. तिने दोनदा वाचलं आणि वकालतनाम्यावर सही केली. म्हणून मी बिरुयाकरांशी एका बाबतीत सहमत आहे, पुस्तक स्वतः उघडून वाचलंच पाहिजे.

बिरुयाकर
वकीलताई, त्या भगिनीसाठी प्रार्थना करतो. वचन अर्धं वाचून दाखवणं हा शास्त्राचा अपमान आहे.

अनामिक_वाटसरू
आता लिहितो. मला खटकतं ते हे. गुलामगिरीच्या काळात अमेरिकेत दोन्ही बाजू बायबलच वाचत होत्या. एकाने गुलामाला धन्याकडे परत पाठवतानाचं फिलेमोनाचं पत्र काढलं, दुसऱ्याने इस्राएलच्या गुलामीतून सुटकेचं निर्गम. तुम्ही आज म्हणता पहिले चुकले. पण ते चुकले हे तुम्हाला कशावरून कळलं? पुस्तकाबाहेरच्या कुठल्या तरी मोजपट्टीवरून. वकीलताईंच्या गोष्टीतही न्यायालय आधी जागं झालं. मग खरा अधिकार त्या बाहेरच्या मोजपट्टीचाच नाही का? भांडायला म्हणून विचारत नाही. याच प्रश्नामुळे मी मंडळीतून उठलो.

पाळक_घाटावरचा
वाटसरू, प्रश्न प्रामाणिक आहे आणि मंडळीत तो विचारायला तुम्हाला जागा मिळायला हवी होती.

न्यायालय आधी जागं झालं, हे खरं आणि आम्हा पाळकांना लाज वाटावी असं आहे. पण मोजपट्टी नेहमी बाहेरचीच असते असं मला दिसत नाही. गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय घ्या. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांबरोबर जेवत होता, यरुशलेमहून काही लोक आल्यावर भिऊन पंगतीतून उठला. पौलाने त्याला सर्वांसमोर तोंडावर सांगितलं की हे सुवार्तेच्या सत्याला धरून नाही. पेत्र! ज्याला प्रभूने किल्ल्या दिल्या तो. त्याचाही अधिकार सुवार्तेखाली आला, आणि निमित्त पुन्हा पंगतीचंच.

आपल्या देशातलं उदाहरण. दक्षिणेत ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये जात टिकली होती, वेगळ्या बसायच्या जागा, प्रभुभोजनालासुद्धा आधी-नंतर. काही मिशनऱ्यांनी ती चालवून घेतली, कारण मंडळी मोडेल ही भीती. 1833 मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनिएल विल्सन यांनी पत्रक काढलं की जात ताबडतोब आणि कायमची सोडली पाहिजे. पुष्कळ लोक मंडळी सोडून गेले. त्यांनी मोजपट्टी आतूनच घेतली, एका भाकरीत वाटेकरी होणारे सगळे एक शरीर आहेत ही. हे वचनही पहिले करिंथ 10 मधलंच, मोदकाच्या वादातल्या ओळींच्या अगदी वरचं. जात आपल्या मंडळ्यांतून अजून गेलेली नाही, लग्नं ठरताना दिसतेच. पण ती गेली पाहिजे हे सांगायला मला बाहेर जावं लागत नाही.

अनामिक_वाटसरू
उत्तर पूर्ण पटलं असं नाही, पण कोणीतरी दिलं. धन्यवाद.

तुकयाचा_टाळ
मी वारकरी घरातला. वाचताना वाटलं, हे सगळं आमच्याकडेही आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात धर्म ओळखायच्या चार खुणा दिल्यात: वेद, स्मृती, सज्जनांचं आचरण आणि स्वतःच्या आत्म्याला रुचेल ते. चौथीपर्यंत सामान्य माणसाला कोणी पोचू दिलं नाही, ही गोष्ट वेगळी. ते दार संतांनी उघडलं. तुकोबांनी खऱ्याखोट्याला मनाची ग्वाही ठेवली आणि बहुमत मानलं नाही. पण ते मन नामस्मरणात मुरलेलं होतं हेही आम्ही कीर्तनात सांगतो. कोरं मन ग्वाहीला उभं करून चालत नाही.

इतिहासवेडा
टाळकरीबुवा, म्हणूनच रेव्हरंड ना. वा. टिळकांना तुकोबा इतके जवळचे. त्यांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला, ख्रिस्ताला मानणाऱ्या बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या दोघांसाठी. पगार घेऊन मिशनच्या अधिकाराखाली राहणं त्यांना जड झालं होतं. दोन वर्षांत टिळक गेले, तो दरबार पुढे चालायला हवा होता असं मला नेहमी वाटतं.

माहेर_ख्रिस्ती
मी ख्रिस्ती, सासर हिंदू. गौरीच्या जेवणाला मला वाढावं लागतं, आरतीच्या वेळी मी बाजूला उभी राहते. लग्न झालं तेव्हा आमच्या मंडळीत माझं प्रभुभोजन बंद केलं होतं, चार वर्षं. मला ज्या वचनाने तगवलं ते 2 राजे 5:18. कुष्ठ बरं झाल्यावर नामान अलीशाला म्हणतो, माझा धनी रिम्मोनाच्या देवळात माझ्या हातावर टेकून नमतो तेव्हा मलाही वाकावं लागेल, याची परमेश्वराने क्षमा करावी. अलीशा नियम सांगत नाही, चालेल असंही म्हणत नाही. एवढंच म्हणतो, शांतीने जा.

नगरची_लेक, तुमच्या मुलाला रागावू नका. तो त्याला जे खरं वाटलं त्याला जागला.

नगरची_लेक
सगळ्यांचं वाचलं. काकूंकडे जाऊन आले. त्यांना वाटलं होतं आम्ही त्यांच्याशी संबंध तोडतोय. आमच्याकडची पद्धत सांगितली, तर म्हणाल्या आधी सांगायचं ना, वेगळे उकडले असते.

आता मुलाचा प्रश्न उरला. मी त्याला सांगणार होते की शिक्षकांनी चुकीचं सांगितलं, पुढच्या वेळी गुपचूप खायचं. आता ते नको वाटतंय.

पाळक_घाटावरचा
नकोच. या गोष्टीत दुबळा भाऊ कोण ते पाहा. तुमचा मुलगाच. रोमकरांस 14:23 म्हणतं की संशय असताना जो खातो तो दोषी ठरतो, कारण ते विश्वासाने नाही. त्याला वाटतंय हे पाप आहे, आणि आईच्या धाकाने तो खाईल, तर मोदकाने काही होणार नाही, पण मनाविरुद्ध वागायची सवय लागेल. आज त्याला खायला लावू नका. त्याच्याबरोबर बसून पहिले करिंथचे आठवा, नववा आणि दहावा हे अध्याय वाचा, हळूहळू. नाही म्हणायचं असेल तर पणजीसारखं हात जोडून म्हणायला शिकवा. शनिवारताई म्हणाल्या तसं मुलाला स्पष्ट नियम हवा असतो, तो हा द्या: खाण्या-न खाण्यावरून कोणाचा अपमान करायचा नाही.

शनिवारची_उपासना
या नियमाला माझं अनुमोदन.

दोघांची_आई
आणि शिक्षकांशी तुम्ही स्वतः बोला, मुलाच्या तोंडून निरोप नको.

बिरुयाकर
ताई, तुमच्या फेलोशिपच्या शिक्षकांनी लहान मुलांपुढे फक्त 21वी ओळ ठेवली असेल तर ते अपुरं आहे, एवढं मी म्हणेन. मी स्वतः प्रसाद खाणार नाही, हे कायम. पण पाळकसाहेब, प्रकटीकरण 2 वर कोणीच बोललं नाही. तिथे तीन प्रसंग वगैरे नाहीत, सरळ दोष आहे.

पाळक_घाटावरचा
पर्गमचं पत्र 13व्या ओळीपासून घ्या. जिथे सैतानाचं आसन आहे असं ते शहर, आणि अंतिपा नावाचा साक्षीदार तिथे मारला गेलाय. सम्राटपूजेचं मोठं केंद्र होतं ते. तिथल्या पंगतीत बसणं म्हणजे जीव वाचवायला सम्राटाला प्रभू म्हणणं, असं मी ते वाचतो. शिवाय बलामाचा उल्लेख आहे, म्हणजे गणना 25, जिथे नैवेद्य आणि जारकर्म एकत्र आले. पौलाच्या पहिल्या प्रसंगात ते बसतं, शेजारणीच्या ताटलीत नाही.

बिरुयाकर
पर्गमपुरतं पटतंय. थुवतीरात मात्र सम्राटपूजेचा उल्लेख नाही, तिथे दोष मंडळीच्या आतल्या शिकवणीला आहे, 'चालतं' असं शिकवणाऱ्या बाईला. तुमचं स्पष्टीकरण तिथे पुरत नाही. मी पुन्हा वाचून लिहितो.

पाळक_घाटावरचा
जरूर लिहा. थुवतीरात कारागिरांचे संघ होते आणि त्यांच्या पंगती देवांच्या नावाने होत, त्या बाजूनेही पाहा. वारादादा, तुमच्याकडच्या भाष्यात काय आहे तेही टाका.

वसईचा_वारा
टाकतो. रविवारी मिस्सानंतर फादरांना विचारून.